भरते किती, रिकामे होते किती? : कुत्र्यांच्या मूत्रविकारांत सोनोग्राफीचे मोल

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. माझ्या धाकट्या बंधूंच्या सांगलीच्या घरी मोती नावाचा कुत्रा आहे. पुतण्या शाळेत असताना हट्टाने आणलेले ते पांढरे, झुबकेदार शेपटीचे पिल्लू बघता बघता नऊ वर्षांचे झाले. सकाळी पेढी उघडली की उंबऱ्याशी बसायचे, ओळखीच्या हमालाला शेपूट हलवून वाट द्यायची आणि अनोळखी माणसाला दोनदा भुंकून आपली दखल घ्यायला लावायची, असा त्याचा नित्यक्रम. घरातल्या घरात त्याने कधी घाण केल्याचे कोणाला आठवत नाही.

त्या दिवाळीनंतर मात्र घरात ओल दिसू लागली. आधी व्हरांड्यात, मग माजघरात, शेवटी आईच्या पलंगाजवळ. आई शहाऐंशी वर्षांची. ती म्हणाली, ''म्हातारा झाला रे तो. आता धरवत नाही त्याला.'' भावजयीने दोन आठवडे निमूटपणे फरशी पुसली. मग घरात विचारविनिमय झाला आणि दोन गोष्टी ठरल्या. संध्याकाळी सहानंतर त्याची पाण्याची वाटी उचलायची आणि रात्री त्याला परसात बांधायचे. मी त्या दिवशी तिथेच होतो. माझे मत विचारले गेले आणि मीही मान डोलावली.

पुतण्याला शंका होती. तो म्हणाला, ''काका, तो बाहेर गेला की कितीतरी वेळ पाय वर करून उभा राहतो.'' आम्ही उत्तर दिले की दिवसातून वीस वेळा जातो, म्हणजे लघवी भरपूर होते आहे. माझे सारे आयुष्य बँकेच्या खातेवह्या तपासण्यात गेले. तरी त्या दिवशी मी नवशिक्या कारकुनाला शोभेल अशी चूक केली. व्यवहारांची संख्या मोजली, रक्कम पाहिलीच नाही.

चौथ्या आठवड्यात मोतीने अन्न सोडले, दोनदा ओकारी काढली आणि पोटाला हात लावला की कण्हू लागला. तेव्हा कुठे आम्ही त्याला शेजारच्या मोठ्या शहरात, सोनोग्राफीची सोय असलेल्या पशुवैद्यांकडे नेले.

एकाच तपासणीचे दोन भाग

तेथील तरुण डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, ''आता येताना त्याला लघवीला सोडलं होतं का?'' सोडले नव्हते. ''बरं झालं,'' असे म्हणून त्यांनी मोतीला गादीच्या खोलगट पाळण्यात उताणे निजवले. पुतण्याने डोके धरले, मदतनिसाने पाय. पोटावरचे केस मशीनने काढले, थंड जेल लावले आणि प्रोब फिरवायला सुरुवात केली. भूल नाही, सुई नाही. पाच मिनिटांत मोती शांत झाला.

पडद्यावर काळ्या रंगाचा एक मोठा अंडाकार दिसला. तो लघवीने भरलेला मूत्राशय. त्याच्या तळाशी पांढरे शुभ्र ठिपके होते आणि प्रत्येक ठिपक्याखाली काळी पट्टी. डॉक्टरबाईंनी सांगितले की हे मुतखडे; खडा ध्वनी पुढे जाऊ देत नाही, म्हणून त्याच्यामागे सावली पडते. मग त्यांनी मूत्राशयाची लांबी, रुंदी आणि उंची मोजली : ८, ६ आणि ५ सेंटिमीटर. या तिन्हींचा गुणाकार करून त्याला ०.५२ ने गुणले. उत्तर आले सुमारे १२५ मिलिलिटर.

एवढ्यावर तपासणी संपली असे आम्हांला वाटले. परंतु त्या म्हणाल्या, ''आता त्याला अंगणात फिरवून आणा. जितकी करायची तितकी करू द्या, घाई करू नका.'' दहा मिनिटांत मोतीने सात-आठ झाडांपाशी पाय वर केला. प्रत्येक वेळी जोर लावला, पाठ वाकवली आणि थेंब थेंब गळला. परत आल्यावर पुन्हा प्रोब, पुन्हा तीच तीन मापे : ७.६, ५.७ आणि ४.९. हिशेब झाला सुमारे ११० मिलिलिटर.

सव्वाशेपैकी एकशे दहा आत शिल्लक! मोतीचे वजन १२ किलो. म्हणजे दर किलोमागे ९ मिलिलिटरहून अधिक लघवी तशीच साचलेली. निरोगी कुत्र्याने मनसोक्त लघवी केल्यावर दर किलोमागे साधारणतः ०.२ ते ०.५ मिलिलिटर शिल्लक राहते. जागोजागी थेंब टाकून हद्द आखण्याची सवय असलेल्या काही कुत्र्यांत ती याहून अधिकही आढळते. तथापि ९ हा आकडा कोणत्याही सवयीत बसणारा नव्हता.

मोतीला लघवी 'धरवत नव्हती' असे नाही. त्याला ती सोडताच येत नव्हती. काठोकाठ भरलेल्या हौदातून पाणी सांडावे तशी ती घरात सांडत होती. आणि आम्ही त्याचे पाणी तोडले होते.

आवाजातून चित्र कसे उमटते?

या यंत्रामागचे तत्त्व समजून घेणे कठीण नाही. काही विशिष्ट स्फटिकांवर दाब दिला की त्यांत विद्युतभार निर्माण होतो, हे पिएर आणि जाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. उलट दिशेने, अशा स्फटिकाला विद्युतप्रवाह दिला की तो कंप पावतो आणि ध्वनी निर्माण करतो. प्रोबमध्ये असेच घटक असतात. ते ध्वनी पाठवतात आणि परतलेला प्रतिध्वनी टिपतातही. शरीराच्या मऊ भागांत ध्वनीचा सरासरी वेग सेकंदाला १५४० मीटर धरला जातो. प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून खोली कळते आणि किती जोराने आला यावरून पडद्यावरचा उजेड ठरतो. ग्लासगोचे इयान डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये या पद्धतीने घेतलेली उदरातील चित्रे प्रसिद्ध केली आणि माणसांच्या रुग्णालयांत तिचा मार्ग मोकळा झाला. पुढे ती पशुवैद्यकातही रुळली.

कुत्र्याचे कान आपल्याहून तिखट असतात, मग त्याला या आवाजाचा त्रास होत नाही का, असे पुतण्याने विचारले होते. कुत्र्याला सुमारे ४५ हजार हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. सोनोग्राफीचा ध्वनी त्याच्या शेकडो पट वरचा, म्हणजे काही दशलक्ष हर्ट्झचा असतो. तो त्याला ऐकूच येत नाही. शिवाय क्ष-किरणांसारखा किरणोत्सर्ग यात नाही. म्हणून ही तपासणी पुन्हा पुन्हा करता येते, आणि तिचे खरे सामर्थ्य या 'पुन्हा'मध्येच आहे.

ताळेबंद आणि उलाढाल

व्यापारी कुटुंबातील वाचकांना हा मुद्दा त्यांच्याच भाषेत सांगतो. ताळेबंद हा एका दिवसाचा असतो. ३१ मार्चला दुकानात माल किती, येणे किती, देणे किती, हे तो सांगतो. धंदा चालतो कसा, हे कळण्यासाठी वर्षभरात काय आले आणि काय गेले ते पाहावे लागते. सोनोग्राफीचे एक चित्र म्हणजे ताळेबंद. त्यात अवयवाचा आकार, भिंतीची जाडी, खडा, गाठ या गोष्टी दिसतात. अवयव काम करतो की नाही, हे ठरवण्यासाठी दोन वेळच्या मापांची तुलना लागते.

मूत्रसंस्थेचे काम तीन टप्प्यांत चालते. मूत्रपिंडे लघवी तयार करतात, मूत्रवाहिन्या ती मूत्राशयात पोहोचवतात, आणि मूत्राशय ती साठवून वेळेवर बाहेर टाकतो. तिन्ही टप्प्यांची काही ना काही तपासणी या यंत्राने होऊ शकते.

शेवटच्या टप्प्याची तपासणी मोतीच्या बाबतीत पाहिली : लघवीपूर्वी माप, लघवीनंतर माप. ०.५२ हा आकडा कोठून आला, असे विचारले तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या की अंडाकृती वस्तूचे घनफळ काढताना पायला सहाने भागून येणारा तो गुणक आहे. मूत्राशय अगदी नेमका अंडाकार नसतो, म्हणून उत्तर अंदाजे असते. परंतु ५ आणि ११० यांतील फरक कळण्यास ते पुरेसे आहे.

मधल्या टप्प्यासाठी रंगीत डॉप्लर वापरतात. मूत्रवाहिनीतून लघवी सतत वाहत नाही. लाटेलाटेने येते आणि मूत्राशयात छोट्या पिचकारीसारखी शिरते. डॉप्लरमध्ये ही पिचकारी पडद्यावर क्षणभर रंगीत ज्योतीसारखी चमकते. दोन्ही बाजूंनी ज्योती दिसल्या की दोन्ही वाहिन्या वाहत्या आहेत, असे समजते. आत येणारी लघवी आणि आधी साचलेली लघवी यांच्या घनतेत फरक असेल तरच ही पिचकारी नीट दिसते. म्हणून कधी कधी लघवी वाढवणारे औषध देऊन वाट पाहावी लागते. पिल्लूपणापासूनच सतत ओली राहणाऱ्या मादीत ही तपासणी विशेष उपयोगी पडते. काही पिल्लांत मूत्रवाहिनी मूत्राशयात न उघडता पुढे मूत्रमार्गात उघडते. लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि हस्की या जातींत हा जन्मजात दोष अधिक आढळतो. अशा पिल्लाला आपण 'शिस्त नाही' म्हणून रागावतो. वस्तुतः त्याच्या शरीराची जोडणीच चुकलेली असते.

ओल एकच, कारणे उलटसुलट

घरातील फरशी ओली होण्याची कारणे परस्परविरुद्ध असू शकतात, आणि ती जमिनीवरच्या डागावरून ओळखता येत नाहीत. आमच्यासारख्या घरांनी लक्षात ठेवावी अशी ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

गर्भाशय-अंडाशय काढलेल्या मादीत वाढत्या वयाबरोबर मूत्रमार्गाचा आवळता स्नायू सैल पडतो. ती झोपेत असताना अंथरूण ओले होते. जागेपणी मात्र ती व्यवस्थित लघवी करते आणि सोनोग्राफीत लघवीनंतरची शिल्लक नगण्य दिसते. तिला स्नायू आवळणारे औषध देतात आणि बहुतेक वेळा गुण येतो.

मोतीच्या प्रकारात मार्गच तुंबलेला. शिल्लक प्रचंड. त्याला हेच आवळणारे औषध दिले असते तर आधीच बंद होत आलेले दार आणखी घट्ट झाले असते. औषध तेच, एकीला तारक, दुसऱ्याला मारक. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी त्यांच्या कुत्रीच्या उरलेल्या गोळ्या मोतीसाठी देऊ केल्या होत्या. भावजयीने त्या घेतल्या नाहीत, हे आमचे नशीब.

नरांत तुंबण्याचे आणखी एक स्थान म्हणजे प्रोस्टेट ग्रंथी. खच्ची न केलेल्या प्रौढ कुत्र्यांत ती वाढणे अगदी सामान्य आहे. माणसांत वाढलेली ग्रंथी लघवी अडवते. कुत्र्यांत ती बाहेरच्या दिशेने वाढून गुदाशयावर दाब आणते, म्हणून त्रास बहुधा शौचाला होतो. लघवीत रक्तही दिसू शकते. सोनोग्राफीत ग्रंथीचा आकार, आतील पोकळ्या, पू यांचा अंदाज येतो.

मूत्राशयाची भिंत जाड दिसली तर दीर्घकाळचा जंतुसंसर्ग किंवा गाठ यांचा विचार होतो. पण हे माप मूत्राशय भरलेला असतानाच घ्यावे लागते. रिकाम्या फुग्याचे रबर जाड लागते, तसेच हे आहे. तपासणीला येताना कुत्र्याला लघवी करू देऊ नये, असे सांगतात त्याचे कारण हे.

मूत्राशय भरतच नसेल तर?

आता पहिला टप्पा : लघवी तयार होणे. निरोगी कुत्रा तासाला दर किलोमागे साधारणतः १ ते २ मिलिलिटर लघवी तयार करतो. १२ किलोच्या कुत्र्यात चार तासांत मूत्राशयातील साठा ४८ ते ९६ मिलिलिटरने वाढावयास हवा. आजारी कुत्र्याला सलाईन चालू असताना दर काही तासांनी मूत्राशय मोजला आणि आकडा हललाच नाही, तर मूत्रपिंडांनी काम थांबवले आहे, हा अत्यंत गंभीर इशारा समजतात. नळी न घालता, सुई न टोचता एवढी मोलाची माहिती मिळते.

हे वाचताना सांगली-तासगाव भागातील माझ्या व्यापारी बांधवांनी क्षणभर थांबावे. आपल्या भागात बेदाण्याचे सौदे होतात, घरात आणि गोदामात बेदाण्याची खोकी असतात, आणि कौतुकाने मूठभर बेदाणे कुत्र्यापुढे टाकणारे हातही असतात. द्राक्षे आणि बेदाणे खाल्ल्याने कुत्र्यांची मूत्रपिंडे अचानक निकामी झाल्याच्या नोंदी पशुवैद्यकीय साहित्यात २००१ पासून आहेत. २०२१ मध्ये अमेरिकेतील पशुविषतज्ज्ञांनी द्राक्षातील टार्टारिक आम्लाकडे संशयाचे बोट दाखवले. चिंचेतही हेच आम्ल मोठ्या प्रमाणात असते. एखादा कुत्रा खाऊन पचवतो, दुसरा थोडक्यानेच दगावतो. सुरक्षित मात्रा सांगता येत नाही. खाल्ल्यावर बहुधा एका दिवसाच्या आत ओकाऱ्या सुरू होतात, आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत लघवी कमी होत जाते. कुत्र्याने बेदाणे खाल्ल्याचे दिसताच, तो अगदी ठणठणीत दिसत असला तरी, ताबडतोब पशुवैद्यांकडे न्यावे. लघवी थांबण्याची वाट पाहू नये.

पावसाळ्यात लेप्टोस्पायरा या जंतूंमुळेही मूत्रपिंडांना अशीच इजा होते. उंदरांच्या मुतातून हे जंतू साचलेल्या पाण्यात येतात. धान्याच्या गोदामाची राखण करणाऱ्या कुत्र्याला याची लस दरवर्षी द्यावी. हा रोग माणसांनाही होतो.

चित्राच्या मर्यादा

यंत्र कितीही चांगले असले तरी त्याच्याकडून भलत्या अपेक्षा करू नयेत. मूत्रपिंडाचा आकार, त्याच्या सालीची आणि गाभ्याची ठेवण, आतील पोकळीचे फुगणे या गोष्टी सोनोग्राफीत दिसतात. ही पोकळी काही मिलिमीटर फुगलेली निरोगी कुत्र्यातही, विशेषतः सलाईन चालू असताना, आढळते. ती १३ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असेल तर मात्र पुढे अडथळा असल्याची दाट शक्यता असते. परंतु मूत्रपिंड रक्त किती गाळते, हे चित्र सांगत नाही. दिसायला नीटस मूत्रपिंड आतून थकलेले असू शकते, आणि खडबडीत दिसणारे अनेक वर्षे काम रेटू शकते. त्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीची घनता पाहावी लागते. क्रिएटिनिनचेही एक वैगुण्य आहे : मूत्रपिंडाची सुमारे तीन-चतुर्थांश क्षमता गेल्यानंतरच ते ठळकपणे वाढते. म्हणून तिन्ही तपासण्या एकत्र वाचाव्यात. एकट्या ताळेबंदावर कर्ज मंजूर करू नये, हा आमच्या खात्यातला नियम इथेही लागू पडतो.

दुसरी मर्यादा हाडाची. ध्वनी हाडातून आरपार जात नाही, म्हणून कमरेच्या हाडाआडचा मूत्रमार्ग सोनोग्राफीत दिसत नाही. नर कुत्र्याच्या शिश्नातही एक हाड असते. त्या हाडाच्या मागच्या टोकाशी मूत्रमार्ग अरुंद होतो आणि खडे नेमके तिथे अडकतात. मोतीचा एक्स-रे काढला तेव्हा तीन बारीक खडे तिथेच रांगेने बसलेले दिसले. याउलट काही खडे, उदाहरणार्थ डाल्मेशियन जातीत होणारे युरेटचे खडे, साध्या एक्स-रेवर सहसा दिसत नाहीत. ते सोनोग्राफीत सापडतात. दोन्ही तपासण्या एकमेकींना पूरक आहेत. एकीचा खर्च वाचवण्यासाठी दुसरी नाकारू नये.

मोतीचे पुढे काय झाले?

मोतीचे क्रिएटिनिन २.६ होते आणि दोन्ही मूत्रपिंडांच्या पोकळ्या किंचित फुगलेल्या होत्या. भूल देऊन मूत्रमार्गातले खडे पाण्याच्या दाबाने मूत्राशयात मागे ढकलले गेले आणि मग मूत्राशय उघडून सगळे खडे काढले. लहानमोठे एकूण चौदा निघाले. पृथक्करणात ते कॅल्शियम ऑक्झलेटचे ठरले. या जातीचे खडे औषधाने वा पथ्याने विरघळत नाहीत. दुसऱ्या नेहमीच्या प्रकारचे, स्ट्रुव्हाइटचे, पुष्कळदा विशेष आहाराने आणि जंतुनाशकाने विरघळतात. म्हणून खडा निघाल्यावर तो तपासायला पाठवणे आवश्यक आहे. आठवण म्हणून डबीत ठेवून उपयोग नाही.

शस्त्रक्रियेनंतरही चिंता होती. बराच काळ ताणलेल्या मूत्राशयाचा स्नायू थकतो आणि अडथळा दूर झाला तरी आकुंचन पावेनासा होतो. काही कुत्र्यांत तो कायमचा निकामी होतो. मोतीला तीन दिवस नळी होती. दहाव्या दिवशी लघवीनंतरची शिल्लक मोजली : ३० मिलिलिटर. सहाव्या आठवड्यात पुन्हा मोजली : ५ मिलिलिटर. दर किलोमागे ०.४. क्रिएटिनिन १.४ वर आले होते. सेवेत असताना मी हजारो शिल्लका जुळवल्या. त्या दिवशीच्या पाच मिलिलिटरइतका आनंद क्वचितच कोणत्या शिलकेने दिला असेल.

डॉक्टरबाईंना मी विचारले, पाणी तोडल्यामुळे खडे झाले का? त्यांनी सरळ उत्तर दिले. खडे त्याआधीच झाले असावेत. पण पाणी कमी मिळाल्याने लघवी दाट झाली, दाट लघवीत खडे वाढायला अनुकूलता मिळते, आणि आधीच ताणात असलेल्या मूत्रपिंडांवर भार वाढला. ''महिनाभर आधी आणला असता तर बरं झालं असतं,'' एवढेच त्या म्हणाल्या. त्यात दोषारोप नव्हता. म्हणूनच ते वाक्य अधिक लागले.

आपण काय करावे?

घरात कुत्रा असलेल्या वाचकांसाठी काही गोष्टी अनुभवाने सांगतो.

कुत्रा किती वेळा जातो यापेक्षा किती करतो ते पाहावे. धार पडते की थेंब, जोर लावावा लागतो का, रंग कसा, हे मोबाईलवर चित्रित करून पशुवैद्यांना दाखवावे. असा अर्ध्या मिनिटाचा पुरावा आपल्या वर्णनापेक्षा मोलाचा ठरतो.

जोर लावूनही नर कुत्र्याला लघवी होत नसेल तर ती त्याच दिवशीची निकड आहे. पूर्ण तुंबल्यास रक्तात पोटॅशियम साचून हृदय बंद पडू शकते. 'उद्या दुकान बंद आहे, उद्या नेऊ' असे म्हणू नये.

सोनोग्राफीच्या आधी आठ-दहा तास अन्न देऊ नये, कारण आतड्यांतील वायू चित्र झाकतो. पाणी मात्र द्यावे. मधुमेही किंवा अगदी लहान पिल्लाच्या बाबतीत उपवासाविषयी आधी विचारावे. शक्य तोवर मूत्राशय भरलेला ठेवून न्यावे, आणि लघवीनंतरचे माप घ्याल का, असे नम्रपणे विचारावे. अहवालात मापे आकड्यांत लिहून घ्यावीत आणि जुने अहवाल जपून ठेवावेत. पुढच्या वेळी तुलना त्यांच्याशीच व्हायची असते.

आपल्या घरात कुत्राही आपलेच अन्न खातो : पोळी, दूध, भात, डाळ. पशुवैद्यांनी विचारल्यावर संकोच न करता खरा आहार सांगावा. खड्याच्या प्रकारानुसार काय वाढावे आणि काय वर्ज्य करावे हे बदलते. ऐकीव पथ्य करू नये. एक गोष्ट जवळजवळ सर्व प्रकारांत समान आहे : पाणी भरपूर हवे. मोतीचे जेवण आता पाणी घालून पातळ केलेले असते.

मोठ्या शहरांतील खासगी दवाखान्यांखेरीज मुंबईत परळ येथील १८८६ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय, सातारा जिल्ह्यातील शिरवळचे महाविद्यालय, तसेच नागपूर, परभणी आणि उदगीर येथील महाविद्यालये यांना जोडलेली पशुचिकित्सालये आहेत. आपल्याला जवळ पडेल तिथे सोनोग्राफीचा दिवस आणि वेळ आधी विचारून जावे.

कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे पुन्हा होण्याची शक्यता मोठी असते, म्हणून मोतीची सोनोग्राफी दर चार महिन्यांनी होते. खडे अगदी बारीक असतानाच सापडले तर शस्त्रक्रिया टळण्याचीही शक्यता असते. आतापर्यंतच्या पाच तपासण्यांत नवा खडा आढळलेला नाही. पुतण्याने एका वहीत तारीख, वजन, लघवीपूर्वीचे माप आणि नंतरचे माप असे रकाने आखले आहेत. ती वही पेढीच्या कपाटात, खतावण्यांच्या शेजारी असते.

मोती आता पूर्ववत आईच्या पलंगाखाली झोपतो. रात्री निजण्यापूर्वी त्याची पाण्याची वाटी काठोकाठ भरून ठेवण्याचे काम आईने स्वतःकडे घेतले आहे. त्यासाठी तिला वाकता येत नाही, म्हणून भावाने वाटीसाठी एक उंच तिवई करून आणली आहे.